सुरगाठ

चाळीस वर्षं मी जाळी सांधली, मालपिकाच्या धक्क्यावर,
पाय पसरून, दोरा अंगठ्यात अडकवून.
गाठ म्हणजे काय ते मला शिकवू नका.
निरगाठ ओल्यात मारावी;
वाळली की दातांनाही दाद देत नाही.

हे माझ्या मनगटालाही ठाऊक असावं.

पहिल्या वेळी डॉक्टरांनी आतल्या बोगद्याचं छत कापलं,
दबलेली नस मोकळी केली.
मी घरी आले आणि हात जपला,
म्हणजे लोकरीच्या शालीत, अंड्यासारखा.
दोसिंदा, माझी नणंद, म्हणाली, हलवू नकोस, टाके उसवतील.
सहा आठवडे हलवला नाही. कपसुद्धा डाव्या हातानं.

आत, अंधारात, शरीर कामाला लागलं होतं.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की इथे काही फाटलेलं नाही, मुद्दाम उघडलंय.
फट दिसली की सांधायची
एवढंच त्याला येतं. माझ्यासारखंच.
धागा धागा काढून त्यानं नस बांधून टाकली
हाताशी येईल त्या सगळ्याला.

वर्षभरात मुंग्या परत.
रात्री तीनला उठायचं, हात झटकायचा
गळाला लागलेला मासा झटकतो तसा.
दोरा सुती की नायलॉनचा
हे बोटांना कळेना, डोळ्यांना विचारायची पाळी आली.

दुसऱ्या वेळी आ कोरुन्याला, डॉक्टर लोउरेइरोंकडे.
त्यांनी कागदावर काढून दाखवलं:
व्रण सोडवायचा, भिंगाखाली, केसाकेसानं,
मग करंगळीच्या बाजूची, तळव्यातली चरबी
तिच्या रक्तासकट वळवून
नसेवर पांघरायची, दुलईसारखी.
मी म्हटलं, माझ्या कमरेची घ्या, पुष्कळ आहे.
हसले नाहीत.
म्हणाले, शेजारचीच लागते, जिवंत.
आणि व्रण येणारच नाही असं मी म्हणत नाही.
सैल यावा, एवढं बघू.

चौथ्या दिवशी इरिया आली, व्यायाम शिकवणारी.
माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची, नखं दातांनी खाल्लेली.
मूठ, म्हणाली. आता बोटं सरळ. मनगट मागे.
अंगठा दूर. तळवा आभाळाकडे.
ओढू नका हं. ओढली तर चिडते, सुजते,
आणि सूज म्हणजे नवा व्रण.
सरकू द्या.

नस सरकते हे मला कुठे माहीत!
मला वाटायचं तार असते, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत.
नखभर पुढे, इरिया म्हणाली, नखभर मागे,
तुम्ही भाकर तोडता तेव्हा, केस बांधता तेव्हा.
साठ वर्षं ती माझ्यात येजा करत होती
आणि मी एकदाही वाट दिली नाही की विचारलं नाही.

दिवसातून पाच वेळा, पाच-पाच.
टाके निघाल्यावर व्रणावर मलम, अंगठ्यानं, गोल गोल,
कातडी खालच्या मांसावरून हलेपर्यंत.
भीती वाटते, खरं सांगते.
दर वेळी वाटतं, आत काहीतरी उसवलं.
मग आठवतं, घट्ट धरून ठेवलं तेच तर नडलं.
जन्मभर निरगाठी मारल्या,
आता या वयात सुरगाठ शिकतेय,
एका टोकाला धरलं की सुटणारी.

काल धक्क्यावर गेले. बायका जाळ्यात गुंतलेल्या,
मी उलट्या खोक्यावर बसून माझे पाच करत होते.
सुसोची होडी बाहेर निघाली.
जाळ्याच्या पैशांवरून तो अकरा वर्षं माझ्याशी बोललेला नाही.
माझा हात वर: मनगट मागे, अंगठा दूर, तळवा उघडा.
त्यानं बघितलं.
जरा थांबून टोपी काढली,
आणि भोंगा वाजवला, लांब.

बायकांनी माना वर केल्या.
मी काही बोलले नाही.
अजून तीन बाकी होते,
ते केले.